सुपरहिरोचा सातबारा कोणाच्या नावावर?

ज्यांच्या लहानपणी घरात इंद्रजाल कॉमिक्स यायचं, त्यांना लोथार आठवत असेल. जादूगार मँड्रेकचा धिप्पाड सोबती, एका हाताने माणूस उचलून भिरकावणारा. मूळ इंग्रजी मालिका 1934 ची. तिच्यानुसार लोथार हा आफ्रिकेतल्या सात राष्ट्रांचा राजकुमार आणि जगातला सगळ्यात बलवान माणूस. असा हा राजपुत्र गादी सोडून काय करतो, तर एका गोऱ्या जादूगाराच्या मागे मागे फिरतो. सुरुवातीच्या वर्षांत त्याच्या अंगावर बिबट्याचं कातडं, डोक्यावर तुर्की टोपी आणि तोंडी मोडकंतोडकं इंग्रजी होतं. 1965 मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स या चित्रकाराने मालिका हाती घेतली, तेव्हा कुठे त्याला धड कपडे आणि धड भाषा मिळाली. आपला लाडका वेताळही, म्हणजे इंग्रजीतला फँटमही, तसाच. जंगलातल्या आदिवासींचा तारणहार, पण स्वतः गोरा, तोही पिढ्यान्‌पिढ्या. मी हे सगळं चवीने वाचलं आहे. लोथारचं राज्य मागे कोण सांभाळत असेल, हा प्रश्न त्या वयात एकदाही मनात आला नाही.

तो आला 2025 च्या फेब्रुवारीत. कॅप्टन अमेरिकाचा नवा सिनेमा लागला होता आणि ढाल होती अँथनी मॅकी या कृष्णवर्णीय नटाच्या हातात. भाच्याने विचारलं, "मामा, कॅप्टन अमेरिका तर गोरा होता ना? मग याला मधेच का आणलं?" इंटरनेटवरही त्या सुमारास याच प्रश्नावर हमरीतुमरी चालली होती. भाच्याला एका वाक्यात उत्तर देता येईना. हा लेख म्हणजे ते लांबलेलं उत्तर.

## एक नाही, तीन प्रश्न

"कॉमिक्समध्ये कृष्णवर्णीय सुपरहिरो आहेत का?" असं विचारलं की कुणीही पाच नावं सांगतो आणि विषय संपतो. पण या एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न आहेत. पानावर चेहरा कोणाचा? तो रेखाटणारा आणि त्याच्या तोंडी शब्द घालणारा हात कोणाचा? आणि त्या पात्राची मालकी कोणाकडे?

सातबारा डोळ्यांसमोर आणा. नमुना सातवर मालकाचं नाव असतं, नमुना बारावर कोणतं पीक घेतलं याची नोंद. रस्त्याने जाणाऱ्याला फक्त पीक दिसतं. शेत कोण कसतं हे जवळ गेल्यावर कळतं, आणि जमीन कोणाची हे सातबारा काढून पाहिल्याशिवाय कळत नाही. कॉमिक्सचंही तसंच आहे. आपण वाचक कायम पिकाकडे बघत आलो.

## 1947: पंधरा सेंटचा अंक

सुरुवातीचं पीक फार वाईट होतं. 1940 च्या दशकातल्या अमेरिकन कॉमिक्समध्ये कृष्णवर्णीय माणूस म्हणजे जाड ओठांचा, घाबरट, नोकर किंवा विदूषक. कॅप्टन मार्व्हलच्या (हा मार्व्हल कंपनीचा नव्हे) कॉमिक्समध्ये स्टीमबोट नावाचं असंच एक पात्र होतं. 1945 मध्ये न्यूयॉर्कमधली शाळकरी मुलं त्याचं मोठं केलेलं चित्र घेऊन थेट प्रकाशकाच्या कचेरीत गेली. आमचे लोक असे नसतात, आणि तुमचे लाखो वाचक हेच खरं मानतील, असं त्यांनी सुनावलं. स्टीमबोट बंद झाला. शाळकरी मुलांनी हे घडवलं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

पण वाईट चेहरा काढून टाकला म्हणून चांगला चेहरा आपोआप येत नाही. तो आणायचा प्रयत्न फिलाडेल्फियात ऑरिन इव्हान्स या पत्रकाराने केला. तो ज्या दैनिकात काम करायचा ते 1947 मध्ये बंद पडलं. हाताशी वेळ होता, ओळखी होत्या. काही सहकाऱ्यांना बरोबर घेऊन त्याने जून 1947 मध्ये 'ऑल-निग्रो कॉमिक्स' काढलं. तो शब्द तेव्हा रीतीचा होता, आज कुणी वापरत नाही. लेखक, चित्रकार सगळे कृष्णवर्णीय. 48 पानं, किंमत 15 सेंट. बाजारातली इतर कॉमिक्स तेव्हा 10 सेंटला मिळत. आत एस हार्लेम नावाचा गुप्तहेर आणि लायन मॅन नावाचा नायक. लायन मॅन हा शिकलेला अमेरिकन शास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रसंघ त्याला आफ्रिकेतल्या युरेनियमच्या डोंगरावर पहारा द्यायला पाठवतो. लोथारच्या शेजारी हा माणूस उभा करून बघा. याला कुणाच्या मागे चालायचं नाही. तो स्वतःच्या कामावर आला आहे.

दुसरा अंक तयार होत होता, पण इव्हान्सला छापायला कागद कुणी विकेना. आधी ज्याने दिला होता त्यानेही दिला नाही आणि दुसऱ्या कुणीही नाही. मालिका पहिल्या अंकावरच संपली. म्हणजे चेहरा आपला, हात आपला, मालकीही आपली, आणि घोडं अडलं ते कागदावर.

## घामाचे थेंब

1954 मध्ये अमेरिकेतल्या कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. सिनेमाला सेन्सॉर असतं तसंच हे, फरक इतकाच की सरकारने नव्हे, धंद्यानेच नेमलेलं. तिच्या मंजुरीचा शिक्का नसलेला अंक विक्रेते सहसा ठेवत नसत.

त्याआधी 1953 मध्ये ईसी या प्रकाशनाने 'जजमेंट डे' नावाची छोटी विज्ञानकथा छापली होती. एका ग्रहावर यंत्रमानवांची वस्ती आहे. काही नारिंगी, काही निळे. आतली यंत्रं हुबेहूब सारखी, पण निळ्यांना वस्ती वेगळी, कामं हलकी, बसमध्ये जागा मागे. पृथ्वीवरून आलेला निरीक्षक सगळं पाहतो आणि सांगतो की तुमचा ग्रह अजून आमच्यात येण्याच्या लायकीचा झालेला नाही. कथाभर त्याचा चेहरा शिरस्त्राणाआड आहे. यानात परतल्यावर शेवटच्या चौकटीत तो ते काढतो. तो कृष्णवर्णीय आहे. यानातल्या दिव्यांच्या उजेडात त्याच्या त्वचेवरचे घामाचे थेंब दूरच्या ताऱ्यांसारखे चमकतात.

1956 च्या सुरुवातीच्या एका अंकात ही कथा पुन्हा छापायची ठरली, तेव्हा आचारसंहितेच्या प्रमुखाने अंतराळवीर कृष्णवर्णीय नको म्हणून हरकत घेतली. संपादक अल फेल्डस्टीनने विचारलं, कथेचा सगळा अर्थच त्यात आहे, मग तो काढू कसा? वाद चिघळला तशी मागणी खाली आली, निदान घामाचे थेंब तरी पुसा. प्रकाशक बिल गेन्सने शिवी हासडून फोन आपटला आणि कथा जशीच्या तशी छापली. ईसीचं ते शेवटचं कॉमिक बुक ठरलं.

अडवणूक फक्त माणसंच करत होती असं नाही, छपाईसुद्धा करत होती. जुनी कॉमिक्स चार शाईंत छापली जात. निळसर, गुलाबी आणि पिवळ्या शाईचे ठिपके मोजक्या प्रमाणांत एकमेकांवर टाकून साधारण 64 छटा निघत. काळी शाई रेषांसाठी. गोऱ्या त्वचेला थोडा गुलाबी, थोडा पिवळा, की काम झालं. तपकिरी रंगाला तिन्ही शाया लागतात, आणि स्वस्त कागदावर त्यांचा रांगोळीचे सगळे रंग एकत्र सांडल्यासारखा चिखल व्हायचा. म्हणून जुन्या अंकांत कृष्णवर्णीय माणसं राखाडी दिसतात, आजारी असल्यासारखी. 1963 मध्ये मार्व्हल या कॉमिक्स कंपनीच्या एका युद्धकथेत गेब जोन्स नावाचा कृष्णवर्णीय सैनिक आला, तर छपाईकडच्या लोकांना वाटलं रंगात चूक झाली आहे. त्यांनी त्याला गुलाबी करून टाकलं.

## चेहरा आला, पेन तेच राहिलं

1966 च्या जुलै महिन्याच्या अंकात मार्व्हलचा लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी ब्लॅक पँथर आणला. टी'चाला, वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाचा राजा, ज्याच्यापुढे सगळ्या जगाचं विज्ञान मागासलेलं ठरावं असा. गादी सोडून न आलेला लोथार, असं मला म्हणावंसं वाटतं. 1969 मध्ये फाल्कन आला, म्हणजे सॅम विल्सन; सिनेमात मॅकीच्या हाती ढाल आली ती याच भूमिकेत. मुख्य प्रवाहातला हा पहिला आफ्रिकन-अमेरिकन सुपरहिरो. त्याला पंख मिळाले पाच वर्षांनी, आणि तेही वाकांडात बनलेले. तोवर त्याच्याजवळ फक्त एक ससाणा होता. 1972 मध्ये ल्यूक केजला स्वतःच्या नावाची मालिका मिळाली. मग ब्लेड, स्टॉर्म, ब्लॅक लायटनिंग अशी रांग लागली.

इथे एक शंका मराठी वाचकाला हमखास येते. ब्लॅक पँथर म्हणजे आपल्या दलित पँथरचा कुणी लागतो का? नाही. नायक जुलै 1966 च्या अंकातला, तर अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारा ओकलंडमधला ब्लॅक पँथर पक्ष ऑक्टोबर 1966 चा. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या साथीदारांनी 1972 मध्ये मुंबईत नाव घेतलं ते त्या पक्षाचं. त्याच 1972 मध्ये एका अंकात मार्व्हलने राजकारणाशी नातं नको म्हणून आपल्या नायकाला थोडा काळ 'ब्लॅक लेपर्ड' म्हणवून घ्यायला लावलं होतं. कंपनी ज्या नावाला बिचकली, ते नाव कामाठीपुऱ्याच्या आसपास वाढलेल्या पोरांनी छातीठोकपणे लावलं.

पण या सगळ्या नायकांचे लेखक जवळपास सगळे गोरे होते. त्याने काय बिघडलं, ते सॅम विल्सनच्याच बाबतीत दिसतं. सुरुवातीचा सॅम न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतला समाजसेवक आहे, शांत, स्वाभिमानी. 1975 मध्ये कथेला कलाटणी देण्यात आली की हा सॅम खोटा, शत्रूने जादूने घडवलेला. खरा सॅम 'स्नॅप' नावाचा भडक कपड्यांतला गुंड होता. एका अंकात त्याचं चारित्र्य धुऊन टाकलं. डीसी या दुसऱ्या मोठ्या कंपनीत तर सत्तरच्या दशकात असा नायक घाटत होता, की एक वर्णद्वेष्टा गोरा माणूस ताण आला की कृष्णवर्णीय सुपरहिरो बनतो. लेखक टोनी इझाबेलाने (तोही गोराच) कंपनीला यातून परावृत्त केलं आणि 1977 मध्ये त्याऐवजी ब्लॅक लायटनिंग दिला. चित्रं ट्रेव्हर व्हॉन ईडन या तरुण कृष्णवर्णीय चित्रकाराची होती.

## "मग गोऱ्याने लिहूच नये का?"

असं कुणी म्हणत नाही. 1973 पासून डॉन मॅकग्रेगर या गोऱ्या लेखकाने ब्लॅक पँथरला वाकांडात परत नेलं आणि जवळजवळ सगळी पात्रं कृष्णवर्णीय असलेली दीर्घ कथा लिहिली. त्यातली बरीच चित्रं बिली ग्रॅहॅम या कृष्णवर्णीय चित्रकाराची आहेत. आजही ती वाचावी अशी आहे.

मुद्दा एकाने चांगलं लिहिण्याचा नाही. खोलीत दुसरं कुणीच नसतं तेव्हा चूक कोण पकडणार, हा आहे. शहरी लेखकाने गावावर लिहावं, जरूर लिहावं; पण गावावरचं सगळंच त्याने लिहिलं तर बैल नांगराला उलटा जुंपलेला कुणाच्या लक्षात येणार नाही. 1998 मध्ये ख्रिस्तोफर प्रीस्ट या कृष्णवर्णीय लेखकाने ब्लॅक पँथर हाती घेतला. त्याचा टी'चाला अमेरिकन वीरांच्या टोळीत बसलेला पाहुणा वाटत नाही. तो परदेशी राष्ट्रप्रमुख आहे, चार चाली पुढचं बघणारा, आणि बोलतो कमी. सिनेमात गाजलेल्या अंगरक्षक स्त्रिया, दोरा मिलाजे, प्रीस्टच्याच काळात कथेत आल्या. 2003 मध्ये रॉबर्ट मोरालेस आणि काइल बेकर यांनी कॅप्टन अमेरिकाला बलवान करणाऱ्या औषधाची चाचणी आधी कृष्णवर्णीय सैनिकांवर झाली, अशी कथा रचली. तिच्यामागे टस्कीगीचा खरा प्रयोग आहे. 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस सरकारी यंत्रणेने उपचार न करता नुसता पाहत ठेवला होता. ती कथा वाचल्यावर सॅमच्या हातातल्या ढालीचं वजन वेगळंच लागतं.

## चेकच्या मागचा मजकूर

आता नमुना सातकडे येऊ. अमेरिकेत कॉमिक्सचा मोठा भाग 'वर्क फॉर हायर' या पद्धतीने तयार होतो. पानामागे ठरलेले पैसे घ्या, काम द्या. त्यातून जन्मलेलं पात्र कायद्याने कंपनीचं. तुम्ही शेतावरचे मजूर. रोजगार मिळाला, पीक आणि बांध मालकाचा. जुन्या काळी तर करार वेगळा करायचीही गरज नसे. मानधनाच्या चेकच्या मागे मजकूर छापलेला असायचा, आणि चेक वटवायला सही केली की हक्क गेले. घरभाडं थकलेला माणूस तो मजकूर वाचून काय करणार होता?

यावर लगेच कुणी म्हणेल की हे गोऱ्यांच्याही वाट्याला आलं. बरोबर आहे. स्वतः जॅक कर्बी यात भरडला गेला; त्याच्या वारसांची मार्व्हलशी तडजोड 2014 मध्ये झाली, तो वारल्यानंतर वीस वर्षांनी. पण बाहेर पडायचा रस्ता सगळ्यांना सारखा नव्हता. 1992 मध्ये सात लोकप्रिय चित्रकारांनी मार्व्हलचं काम सोडून इमेज ही स्वतःची कंपनी काढली. ते जमलं, कारण स्पायडर-मॅन आणि एक्स-मेनसारखी बडी पात्रं रंगवून त्यांनी लाखो वाचक आधीच मिळवले होते. ज्यांना ती बडी पात्रं फारशी मिळालीच नाहीत, त्यांच्यामागे वाचक कुठून येणार? इमेजमधलाच स्पॉन हा नायक कृष्णवर्णीय आहे, आणि त्याचा मालक आहे त्याचा गोरा निर्माता टॉड मॅकफार्लेन. चेहरा आणि सातबारा किती दूरदूर असू शकतात, ते इथे दिसतं.

## माल आपला, गाडी त्यांची

ही गाठ सोडवायचा सगळ्यात विचारपूर्वक प्रयत्न म्हणजे मायलस्टोन. ड्वेन मॅकडफी, डेनिस कोवन, मायकेल डेव्हिस आणि डेरेक डिंगल या चार कृष्णवर्णीय माणसांनी उभी केलेली ही कंपनी. 1993 मध्ये तिचे अंक बाजारात आले. छपाई आणि वितरण डीसीकडे. पात्रांचे हक्क आणि कथेवरचा शब्द मायलस्टोनकडे. शेत स्वतःच्या नावावर ठेवून बाजारात न्यायला फक्त ट्रक दुसऱ्याचा घेणं, असा हा करार.

मॅकडफीचं एक म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटतं. कथेत कृष्णवर्णीय माणूस एकच असला की तो साऱ्या समाजाचा प्रतिनिधी होऊन बसतो. त्याने चुकायचं नाही, भित्रं व्हायचं नाही, विचित्र वागायचं नाही. मग तो माणूस राहत नाही, पुतळा होतो. सुपरमॅन म्हणजे सगळे गोरे असं कुणी मानत नाही. उपाय सोपा आहे: एक नको, पन्नास काढा. मग त्यांना आपसात भांडूही देता येतं.

आणि ते भांडतात. त्यांचा आयकॉन परग्रहावरून 1839 मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या शेतात पडतो. त्याला पहिल्यांदा दिसते एक गुलाम स्त्री, म्हणून तो तिच्या वंशाच्या बाळाचं रूप घेतो. दीडशे वर्षांनी तो श्रीमंत वकील आहे. ज्याने त्याने स्वतःच्या हिमतीवर वर यावं अशा मताचा. त्याच्या घरात चोरीला आलेल्या टोळक्यातली पंधरा वर्षांची रॅकेल त्याला उडताना बघते आणि पुन्हा येऊन सांगते की तुझ्याकडे ही ताकद आहे आणि तू नुसता बसून आहेस? पुढे ती त्याची साथीदार रॉकेट होते, आणि गरोदरपणामुळे तिला मधे थांबावंही लागतं. मायलस्टोनने त्वचेच्या रंगाचाही प्रश्न सोडवला. नोएल गिडिंग्ज या रंगचित्रकर्तीने हाताने रंगवण्याची पद्धत बसवली आणि एकाच पानावर गव्हाळ, तांबूस, गडद, निळसर काळी अशी माणसं शेजारी शेजारी दिसू लागली.

1997 मध्ये ही कॉमिक्स बंद पडली.

## "म्हणजे विकलंच नाही ना?"

इथे बाजार कसा चालतो ते समजून घ्यायला हवं. सत्तरच्या दशकानंतर अमेरिकेत कॉमिक्स मुख्यतः खास दुकानांत विकली जाऊ लागली. दुकानदाराने महिने आधी ऑर्डर द्यायची, आणि उरलेला माल परत नाही. गणपतीच्या मूर्तींचा स्टॉल लावणारा जे करतो तेच तो करतो. दरवर्षी खपणारी दगडूशेठसारखी मूर्ती भरपूर मागवतो, नव्या घडणीच्या दोनच. दोनच ठेवल्या म्हणून दोनच विकल्या जातात, आणि पुढच्या वर्षी एकच येते. त्यात नव्वदच्या दशकाच्या मध्यात अंक पुढे महाग विकता येतील म्हणून साठवणाऱ्यांच्या सट्ट्याचा फुगा फुटून अनेक दुकानं बंद पडली. ही कॉमिक्स फक्त कृष्णवर्णीयांसाठीच आहेत, असं धरून चालणारे दुकानदारही होते.

वाचक नव्हता असं मात्र म्हणता येत नाही. मायलस्टोनच्याच स्टॅटिक या नायकावर बेतलेली कार्टून मालिका 2000 ते 2004 टीव्हीवर चालली आणि सगळ्या रंगांच्या मुलांनी पाहिली. ता-नेहिसी कोट्स या कृष्णवर्णीय लेखकाने लिहिलेल्या ब्लॅक पँथरच्या 2016 च्या पहिल्या अंकाच्या अडीच लाखांहून जास्त प्रती दुकानांनी मागवल्या. 2018 च्या सिनेमाने जगभरात 130 कोटी डॉलरपेक्षा जास्त कमावले.

## "नवा नायक काढा की! आयत्या बिळावर नागोबा कशाला?"

हाच भाच्याचा प्रश्न. त्याचं उत्तर आता निम्मं तरी दिसत असेल. नवा नायक काढला की दुकानात दोन प्रती येतात. कॅप्टन अमेरिका या नावाला मात्र कपाटात जागा राखलेली असते. 2014 मध्ये कॉमिक्समधला सॅम कॅप्टन अमेरिका झाला, 2011 मध्ये माइल्स मोरालेस स्पायडर-मॅन झाला, त्यामागे हे व्यापारी गणित आहेच.

दुसरं कारण कमी बोललं जातं. लेखकाच्या डोक्यात अगदी नवा, दमदार नायक असेल, तर तो कंपनीच्या नावावर कशाला चढवेल? तो ते बियाणं स्वतःच्या शेतासाठी राखून ठेवतो आणि कंपनीच्या शेतात कंपनीचंच वाण पेरतो. आणि सॅम तर उपराही नाही. 1969 पासून त्याच ढालीशेजारी उभा आहे, पंचावन्न वर्षं. भाच्याला मी म्हटलं, "इतकी वर्षं शेजारी राबलेला माणूस घरात आला, तर त्याला बाहेरचा म्हणशील का?" तो म्हणाला, "पण ढाल त्याची झाली का, मामा? ती तर कंपनीचीच ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ढाल कंपनीचीच आहे.

मग त्याला मी लायन मॅन दाखवला. इव्हान्सच्या त्या एकमेव अंकावरचे हक्क पुढे कुणी नूतनीकृत केले नाहीत, त्यामुळे आज तो सगळ्यांचा आहे. इंटरनेटवर अख्खा अंक फुकट वाचता येतो आणि लायन मॅन कुणीही काढू शकतो, कुणाला न विचारता. मुखपृष्ठ उलटलं की आतल्या बाजूला इव्हान्सचा फोटो आणि त्याचं निवेदन आहे. त्यात त्याने लिहून ठेवलंय की या पानांवरच्या चित्रांतला कुंचल्याचा प्रत्येक फटकारा आणि लेखणीची प्रत्येक रेघ कृष्णवर्णीय कलावंतांची आहे. भाच्याने ते दोनदा वाचलं आणि कोरा कागद मागितला.